देवरे सरांचं उपोषण

वसईजवळच्या आमच्या उमेळ्याच्या घरात दिवस सुरू व्हायचा तो मोगऱ्यावरून होणाऱ्या बोलाचालीने. कळ्या उमलायच्या आत खुडून, ओल्या फडक्यात बांधून अण्णांच्या हवाली कराव्या लागत, आणि मोठ्या आयच्या मते घरातल्या सगळ्याच बायका या कामाला उशिरा उठत. मोठी आय म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका लवकर गेले. तेव्हापासून वाडीचा कारभार तिच्या तोंडी आणि अण्णांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, हाती होता. ती पाटाच्या कडेला उभी राहून ओरडायची, "पानी सोडलंय, पाय सांभाला गं!" मागे विहिरीवरचा पंप धडधडत असायचा आणि त्याच्याही पलीकडून, स्टेशनच्या बाजूने, इमारतींचे पाये ठोकणाऱ्या यंत्राचे ठोके यायचे. दर वर्षी ते ठोके थोडे जवळ येत. अण्णा फुलांचे भारे घेऊन दादरच्या बाजाराला निघाले की मग घरात चहा व्हायचा, आणि चहा झाला की आई शाळेत जायला साडी बदलायची.

आई कऱ्हाडकडची. बी.एड. होऊन या घरात आली. तिच्या 'पाणी'तला ण इतका ठणठणीत होता की मोठी आय तिची नक्कल करून शेजारणींना हसवायची. आईने सुरुवातीला घरातल्यांची भाषा सुधारायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला, आणि पुढे पुढे तर चुलीपाशी तीही 'पानी' म्हणायला लागली. शाळेत मात्र ती मराठीच्या बाई होती. व्याकरणाच्या तासाला तिचा आवाज पत्र्याच्या छपरावरच्या पावसाच्या वरचढ ऐकू यायचा, असं तिच्या हाताखालून गेलेली माणसं आजही सांगतात.

त्या शाळेबद्दल थोडं सांगायला हवं. भाताची खाचरं बुजवून जिथे नव्या इमारती आल्या, तिथेच एका संस्थेने ही शाळा काढली. संस्थेचे अध्यक्ष आमच्याच भागातले, रेतीचा धंदा होता त्यांचा. सगळे त्यांना दादा म्हणत. अनुदान मिळणाऱ्या शाळांतल्या शिक्षकांचा पगार सरकार देतं. आमच्या शाळेला अनुदान नव्हतं. पोरांच्या फीमधून जे जमेल, आणि त्यातून दादांच्या मनात येईल, ते पाकिटात घालून शिक्षकांना मिळायचं. कधी पाकीट यायचं, कधी नुसता निरोप यायचा. रुजू होताना मात्र प्रत्येकाची कोऱ्या कागदावर सही घेऊन ठेवलेली असायची, म्हणजे कुणी तक्रार केलीच तर त्यावर राजीनामा लिहायला दादा मोकळे. आमचं घर मोगऱ्यावर आणि तगरीवर चालायचं. मोठी आय तोंडावर बोलायला कमी करायची नाही. "सुमन, तू फुकट शिकवतेस आनि तुज्या साडीला इस्त्री मात्र रोज लागते." आई हसायची. "वहिनी, आज ना उद्या अनुदान येईल." पण नंतर सरकारने असं केलं की आमच्यासारख्या नव्या शाळांच्या परवानगीवरच शिक्का मारला: कायम विनाअनुदानित. म्हणजे आज नाही, उद्या नाही, कधीच नाही.

या एका शब्दावर आईने जेवढा राग धरला तेवढा मी तिला कुठल्याच माणसावर धरताना पाहिलं नाही. शिक्षकांची संघटना तालुक्यात उभी राहिली तेव्हा तिला सचिव केलं गेलं आणि शनिवारची शाळा सुटली की आमच्या पडवीत सभा भरायला लागली. नायगावपासून आगाशीपर्यंतचे शिक्षक सायकलींवरून, कुणाच्या मागे बसून यायचे. चहा, वाडीतली राजेळी केळी आणि जमलं तर पोहे. आई पडवीच्या खांबाला टेकून बोलायची. "कायम हे क्रियाविशेषण आहे. पोरांना मी शिकवते, क्रियाविशेषण काढलं तरी वाक्य उभं राहतं. मग एवढा एक शब्द काढायला सरकारला जड का जावं?" लोक टाळ्या वाजवायचे. आत मोठी आय माझ्याकडे बघून पुटपुटायची, "टाल्यांनी भात शिजत नाय." पण केळ्यांचा घड तीच पुढे करायची.

या सभांना येणाऱ्यांत आमच्या सगळ्यांत जवळचे झाले ते देवरे सर. शिरपूरकडचे. गणित आणि विज्ञान शिकवायला आमच्या शाळेत आले तेव्हा पंचविशीच्या आसपासचे असतील. काळे, उंच, बोलताना मान थोडी वाकवून बोलणारे. आमच्या आळीच्या टोकाला एका चाळीतल्या खोलीत राहायचे आणि संध्याकाळी एका मित्राची रिक्षा चालवायचे. शाळेतली पोरं रिक्षात बसली तर ओळख दाखवायची नाहीत आणि सरही दाखवायचे नाहीत. फक्त उतरताना पैसे घ्यायचे नाहीत. पोरं नोटा सीटवर ठेवून पळायची आणि सर दुसऱ्या दिवशी वर्गात विचारायचे, "काल कुणाचे पैसे पडले?" हात कुणीच वर करायचं नाही.

रविवारी ते आमच्याकडे जेवायचे. पहिल्यांदा आले तेव्हा मोठ्या आयने कोलंबीचं भुजणं केलं होतं. सरांनी आयुष्यात कोलंबी पाहिली नव्हती. ताटाकडे बघत राहिले आणि म्हणाले, "आजी, ह्याला पाय आहेत." मोठी आय चिडली, आजी म्हटल्याबद्दल जास्त. पण थंडीत तिने वाडीतलं कोनफळ, रताळी, वालाच्या शेंगा घालून उकडहंडी लावली, तेव्हा हंडीचं तोंड उघडल्यावर ते लहान पोरासारखे वाफेत चेहरा धरून बसले. आपल्या घरून आणलेल्या लाल मिरच्यांचा ठेचा त्यांनी त्यावर घेतला आणि आम्हालाही घ्यायला लावला. आम्ही सगळे डोळ्यांतून पाणी काढत जेवलो. मला अकरावी-बारावीचं गणित त्यांनीच शिकवलं, आमच्या पडवीत, एक पैसा न घेता. बारावीच्या वर्षी थंडीत त्यांना कावीळ झाली. मोठी आय त्यांना स्वतः वटारला घेऊन गेली. तिथे एक म्हातारा काविळीचं झाडपाल्याचं औषध द्यायचा. उसाचा रस, ताक-भात, मऊ भाकरी, असं करत ते उठले. डोळ्यांतला पिवळेपणा गेला. तब्येत मात्र काही धरली नाही. सदरा खांद्यावरून लोंबत राहिला.

मी आज एका प्रयोगशाळेत काम करते. रोज कुणाच्या तरी यकृताचे आकडे माझ्या डोळ्यांखालून जातात. तेव्हा आमच्या घरात कुणालाच कळत नव्हतं की डोळे पांढरे झाले म्हणजे आजार संपला असं नसतं.

त्या वर्षी मार्चच्या परीक्षा झाल्या आणि संघटनेने पेपर तपासणीवर बहिष्कार टाकला. जोवर 'कायम' शब्द निघत नाही आणि पगाराचं ठरत नाही तोवर दहावी-बारावीचे पेपर तपासायचे नाहीत. आईकडे दहावीच्या मराठीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले होते. सुतळीने बांधलेले, लाखेचे ठिपके लावलेले. तिने ते मधल्या खोलीत पलंगावर रचले आणि वर ताडपत्री घातली. पलंग अण्णांचा. त्या दिवसापासून अण्णा जमिनीवर झोपायला लागले. आम्ही त्या खोलीतून हळू आवाजात बोलत जायचो, जणू कुणी आजारी माणूस तिथे निजलंय.

"माझेही पेपर असेच कुणाच्या तरी पलंगावर असतील ना?" मी एकदा विचारलं.

"असतील," आई म्हणाली.

"आणि निकाल नाही लागला तर?"

"लागेल. उशिरा लागेल. मंजू, तुझ्यासाठी म्हणून मी हे गठ्ठे सोडले, तर ज्याच्या घरी तुझे पेपर आहेत त्याला मी काय तोंड दाखवू?"

मला ते पटलं. पण घरात मी एकटीच नव्हते. मोठ्या आयचा हर्षद दहावीला होता. अभ्यासात बेताचा, पण त्याला आय.टी.आय.ला जायचं होतं आणि त्याच्या आईने त्यासाठी सोमवार धरले होते. बहिष्काराची बातमी तिला शेजारणीकडून कळली. ती घरी आली, ताडपत्रीचं एक टोक उचलून गठ्ठ्यांकडे बघितलं आणि परत सोडलं. तेव्हापासून ती आईशी बोलेनाशी झाली. ते उन्हाळ्याचे, मसाला कुटायचे दिवस. दर वर्षी दोघी जावा उखळाशी समोरासमोर उभ्या राहून आळीपाळीने मुसळ घालायच्या. तो दुहेरी ठोका ऐकून आळीला कळायचं की आमच्याकडे मसाला निघतोय. त्या वर्षी मोठ्या आयने एकटीने मसाला कुटला. एका मुसळाचा आवाज दिवसभर येत राहिला. आई पुढे होऊन उभी राहिली तर ती म्हणाली, "तुजे हात दुखतील. तू बहिष्कार कर."

गावातले लोकही येऊ लागले. कुणी हात जोडायचं, कुणी आवाज चढवायचं. एक दिवस स्वतः दादा आले. पांढरा सदरा, बरोबर दोन माणसं. पडवीत खुर्चीवर बसले आणि चहा नको म्हणाले.

"बाई, गावची पोरं शिकावीत म्हणून मी शाळा काढली. तुम्ही तर पोरांनाच ओलीस धरलंत."

"दादा, पोरांचे पेपर सुखरूप आहेत," आई म्हणाली. "वर ताडपत्री घातलीय. शाळेच्या छपरावर तेवढी घाला म्हणून आम्ही किती पावसाळे सांगतोय."

दादांचा चेहरा उतरला नाही. ते अण्णांकडे वळले. "अण्णा, तुमचा फुलांचा टेम्पो माझ्या जागेतून रस्त्याला लागतो. मी कधी काही बोललो?"

अण्णा बोलण्यात कमीच. त्यांनी खांद्यावरचं फडकं झटकलं. "नाय बोललात," ते म्हणाले. "बोलायचं असंल तर बोला."

दुसऱ्या दिवशी त्या वाटेवर लोखंडी फाटक लागलं. मग पुढे कितीतरी दिवस अण्णा आणि हर्षद फुलांचे भारे डोक्यावर घेऊन बांधाबांधाने रस्त्याला जायचे. अण्णांनी आईला एका शब्दाने टोकलं नाही. त्यांच्या त्या गप्प राहण्याचं मोल मला फार उशिरा कळलं.

बहिष्काराने सरकार हललं नाही, म्हणून उपोषण ठरलं. वसई गावात तहसील कचेरीसमोर. आमच्या पडवीत सभा झाली आणि कोण बसणार असा प्रश्न आला. आई म्हणाली, मी बसते. पण मुंबईशी बोलणी करायला सचिव बाहेर हवा, असं सगळ्यांचं मत पडलं. दोन नावं पुढे आली. तिसऱ्यासाठी कुणी बोलेना. सगळे आपापल्या कपबशीत बघत होते. तेव्हा देवरे सरांनी हात वर केला, वर्गात करतात तसा.

"सर, तुम्ही नको," आई लगेच म्हणाली. "तुमचं आत्ताच दुखणं झालंय."

"बाई, बाकीच्यांच्या मागे बायकापोरं आहेत. माझ्यामागे काय आहे? एक रिक्षा, तीही मित्राची."

सगळे हसले. आईही हसली. त्या हसण्यातच ते ठरून गेलं. लोक पांगल्यावर मोठी आय बाहेर आली. कित्येक दिवसांनी ती आईशी बोलली. "सुमन, त्या पोराला बसवू नको. त्याचं पोट अजून नीट नाय."

"ते ऐकत नाहीत, वहिनी."

"तू सांग. तुजं ऐकल तो."

आईने सांगितलं का, ते मला ठाऊक नाही. मी विचारलं नाही आणि तिनेही कधी काढलं नाही.

मे महिन्यातलं ऊन. कचेरीसमोर कापडी मांडव, खाली सतरंजी, मागे फलक. समोरच्या झाडाखाली अर्ज लिहून देणाऱ्यांच्या टाइपरायटरची टकटक दिवसभर चालायची. कामासाठी आलेले लोक मांडवाकडे बघत पुढे जायचे, कोळणी टोपल्या उतरवून विचारायच्या, "मास्तर, कशापायी रं उपाशी?" सर त्यांना पगाराबद्दल सांगायचे तर त्यांचा विश्वास बसायचा नाही. मास्तरला पगार नाही, हे त्यांच्या डोक्यातच शिरायचं नाही. मी रोज आईबरोबर जायचे आणि सरांपाशी बसून त्यांना पेपर वाचून दाखवायचे. पहिले काही दिवस ते पत्रकांच्या कोऱ्या बाजूवर मला गणितं घालत. निकालाच्या आधीच पुढच्या वर्षाची तयारी.

"पुढे काय करणार, मंजू?"

"बी.एस्सी. मग बी.एड."

ते हसले. "बी.एड.? बाईंना विचारलंस?"

"आईच म्हणते."

"मग ठीक आहे. तू येईपर्यंत आपलं सगळं झालेलं असेल." हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मला खरंच वाटलं.

मग गणितं थांबली. ते आडवेच राहू लागले. सरकारी दवाखान्याचे डॉक्टर येऊन नाडी बघून जायचे. उरलेले दोघे शिक्षकही थकले होते, पण सरांचं थकणं वेगळं होतं. ओठ सुकलेले, आणि आपण काय बोलतोय ते मध्येच विसरायचे. एका दुपारी मोठी आय आईसाठी डबा घेऊन आली. मांडवात शिरली ती थेट सरांकडे गेली. उजेडात त्यांच्या डोळ्याची खालची पापणी अंगठ्याने ओढून बघितली आणि ओरडलीच, "सुमन! याला उठव. आत्ताच्या आत्ता उठव याला!"

आई धावत आली. तिनेही पाहिलं. मीही पाहिलं. हळदीसारखं पिवळं.

त्याच दिवशी मुंबईहून निरोप आला होता की मंत्र्यांशी बोलणी शेवटाला आलीत, संध्याकाळपर्यंत फोन येईल. मांडवातून एक माणूस उठला तर फोन येईल की नाही, कुणी सांगावं? आई सरांच्या उशाशी उभी होती. पदराचं टोक तिच्या मुठीत होतं. "वहिनी, संध्याकाळपर्यंत. फक्त संध्याकाळपर्यंत."

"तोवर काय होईल ते तुला ठावं हाय?"

सरांनी डोळे न उघडता म्हटलं, "बाई म्हणतात ते बरोबर आहे. एवढं काढलं, एवढ्यासाठी कशाला?"

मोठी आय तिथेच सतरंजीवर बसली आणि त्यांचं डोकं मांडीवर घेतलं. डबा तसाच राहिला.

फोन आला. उजेड असतानाच आला. कायम शब्दाबाबत समिती नेमू, पगाराचा विचार सहानुभूतीने करू. घोषणा झाल्या, गुलाल उडाला. एक पुढारी मोटारीतून आले, त्यांनी तिघांना लिंबूपाणी पाजलं, फोटो निघाले. ज्यांनी सरांना पेला लावला त्यांच्याच सदऱ्यावर सरांनी ते ओकलं. पुढारी एक पाऊल मागे सरले आणि कुणीतरी त्यांना रुमाल दिला. अण्णांनी आणि हर्षदने सरांना उचलून रिक्षात घातलं.

सर दवाखान्यात होते आणि अण्णांच्या पलंगावर गठ्ठे होते. बहिष्कार मागे घेतल्यावर पेपर ताबडतोब तपासून हवे होते. आई सकाळी दवाखान्यात जायची, परत येऊन पडवीत बसायची आणि लाल पेन हातात घ्यायची. कितीदा तरी मी पाहिलं, पेन कागदावर टेकलेलं आणि ती समोरच्या तगरीकडे बघतेय. बेरजा चुकायला लागल्या, तेव्हा मी शेजारी बसून त्या पुन्हा करायला लागले. आतून मुसळाचा आवाज नव्हता, पंप बंद होता. पानं उलटल्याचा आवाज तेवढा यायचा. मोठी आय सरांसाठी पेज करून द्यायची आणि आम्ही ती तशीच परत आणायचो.

निकाल लागले. हर्षद पास झाला. मलाही चांगले गुण मिळाले, गणितात तर फारच. पेढे आणले नाहीत. मी दवाखान्यात जाऊन सरांना गुण सांगितले. त्यांनी ऐकलं, असं मला वाटतं. त्यांचे वडील तोवर येऊन पोचले होते. डोक्याला टोपी, पायांत नवीन चपला, बहुधा प्रवासासाठी घेतलेल्या. ते कुणावर रागावले नाहीत. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांनी दोनदा ऐकून घेतलं आणि म्हणाले, मग घरी नेतो. आईने त्यांच्यापुढे हात जोडले तर त्यांनीही उलट हात जोडले. सरांना नेणारी गाडी दिसेनाशी होईपर्यंत आम्ही उभे होतो.

शाळा उघडली आणि त्याच आठवड्यात शेजारच्यांच्या फोनवर बातमी आली. सर गेले.

आई मुख्याध्यापकांकडे गेली. शाळेत शोकसभा घ्या, अर्धा दिवस सुट्टी द्या. मुख्याध्यापकांनी दादांना विचारलं. दादांचा निरोप आला: देवरेंच्या नेमणुकीला शिक्षण खात्याची मान्यता आलेली नव्हती, कागदोपत्री ते आपल्या शाळेचे शिक्षक नव्हतेच, तेव्हा शोकसभा घेणं नियमात बसत नाही. आई वर्गावर गेली. तास व्याकरणाचा. तिने मुलांना उभं राहायला सांगितलं आणि स्वतःही टेबलापाशी उभी राहिली. काही पोरी रडायला लागल्या. मुख्याध्यापक व्हरांड्यातून चालत आले, खिडकीशी थबकले. आई त्यांच्याकडे बघत राहिली. त्यांनी चष्मा काढला आणि तिथेच, भिंतीच्या बाहेरच्या बाजूला, तेही उभे राहिले. पगार त्यांनाही नव्हता.

आईने संघटनेचं सचिवपद सोडलं. सभा आता दुसरीकडे भरायच्या. ती जायची, मागे बसायची. समितीने आणखी एक समिती मागितली. कितीतरी वर्षांनी, आणखी कितीतरी मोर्चे झाल्यावर, तो शब्द खरोखरच काढला गेला. तिचे जुने सहकारी पेढे घेऊन आले. तिने पेढा हातात घेतला, बराच वेळ धरून ठेवला आणि मग हर्षदच्या पोराला दिला. शब्द निघाला तरी अनुदान लगेच आलं नाही. ते तुकड्यातुकड्यांनी येऊ लागलं तेव्हा आई निवृत्त झालेली होती. आता ती मला कधी कधी विचारते, "तुला तेव्हा काय वाटलं होतं गं, त्या दुपारी?" मी म्हणते, मी लहान होते. हे खरं नाही आणि तिलाही ते माहीत आहे. बी.एड.चं नाव तिने माझ्यापुढे पुन्हा काढलं नाही, मीही काढलं नाही.

पण सर गेले त्याच वर्षीच्या दिवाळीच्या सुट्टीत ती मला घेऊन सरांच्या गावी गेली, ते सांगायचं राहिलं. मोठी आयही निघाली होती, गुडघ्यांमुळे राहिली. तिने वाडीतलं कोनफळ बांधून दिलं. शिरपूरहून आणखी एक एस.टी., मग थोडं चालणं. केळीच्या बागांतून वाट होती आणि केळी बघून आई म्हणाली, "आपल्यासारखीच आहे की वाट."

सरांच्या आईने आम्हाला घरात घेतलं, पाय धुवायला पाणी दिलं. भिंतीवर सरांचा फोटो होता, पदवी घेतानाचा असावा. बाई माझ्या आईच्या समोर बसली आणि बराच वेळ तिच्याकडे बघत राहिली. मला वाटलं, आता विचारणार. उपोषणाला का बसवलंत, का उठवलं नाही.

बाईने तिकडच्या बोलीत विचारलं, "मना पोऱ्या चांगला शिकाडे ना?"

आईने पदर तोंडाला लावला. मग मीच बोलले. "मला त्यांनीच शिकवलं," मी म्हटलं. "मला गणितात फार चांगले मार्क पडले." बाईने माझी हनुवटी धरली आणि ती आत गेली.

चहा घेऊन सरांची धाकटी बहीण बाहेर आली. रत्ना. भावासारखीच उंच, तशीच मान वाकवून बोलणारी. वडील म्हणाले, "हीपण शिकली आता. जूनपासून हिला शाळा लागली, इथे जवळच. नवीनच निघालीय." आईने कप खाली ठेवला. "अनुदान येणार आहे म्हणतात संस्थेवाले," ते पुढे म्हणाले. "थोडी कळ काढावी लागेल."

जेवण झालं, शेवेची भाजी होती, तिखट. आम्ही निघालो तेव्हा रत्ना आम्हाला सोडायला फाट्यापर्यंत आली. आईची पिशवी तिने काढून घेतली होती. ती वर्गाबद्दल सांगत होती. पोरं द्वाड आहेत, पण ऐकतात. फाट्यावर उभं राहिल्यावर आई म्हणाली, "रत्ना, एक सांगू? त्यांनी मागितली तरी कोऱ्या कागदावर सही करू नकोस."

रत्नाने पायाच्या अंगठ्याने माती उकरली. "केली, बाई," ती म्हणाली. "पहिल्याच दिवशी घेतली."

एस.टी. येताना दिसली. आईने रत्नाचा हात धरला. बस थांबली, माणसं उतरली, चढली. मी वर चढून जागा धरली, खिडकीतून हाका मारल्या. आई तशीच उभी होती, त्या पोरीचा हात दोन्ही हातांत घेऊन. कंडक्टरने घंटी मारली, ड्रायव्हरने बाहेर डोकं काढून विचारलं, "बाई, यायचंय की नाही?" तेव्हा कुठे तिने तो सोडला.